काळ्या भिंतीची मागची बाजू

सुट्टीवर घरी आलोय, धारावीतल्या माटुंगा लेबर कॅम्पात. दार सताड उघडं, आणि आई शेजारच्या मावशीला पुन्हा तीच गोष्ट सांगतेय, लंडनमधल्या काळ्या भिंतीची.

2024 च्या मार्चमध्ये ती माझ्याकडे आली होती. बाहेर पाऊस, म्हणून टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात नेलं. त्या जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये शिल्पकार एल अनात्सुईंचं ‘बिहाइंड द रेड मून’ टांगलेलं होतं. जन्म घानाचा, काम नायजेरियात. 1998 मध्ये त्यांना रस्त्याकडेला दारूच्या बाटल्यांच्या झाकणांची पिशवी सापडली. तेव्हापासून ती झाकणं चेपून, दुमडून, तांब्याच्या तारेनं जोडून ते इमारतीएवढे पडदे करतात. युरोपची जहाजं आफ्रिकेत दारू उतरवायची आणि उसाच्या मळ्यांसाठी गुलाम म्हणून माणसं भरून न्यायची. ज्याच्या नावानं हे संग्रहालय आहे तो हेन्री टेटही साखरेचाच कारखानदार.

आईनं लाल चंद्राकडे बघितलं न बघितलं, ती थेट त्याच झाकणांच्या शेवटच्या पडद्यापाशी, काळ्या भिंतीपाशी गेली आणि तारेचे पीळ बघत राहिली. मी शिकत होतो तेव्हा ती घरी बसून इमिटेशनच्या माळा जोडायची, ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांवर पैसे. पीळ किती दिलेत, टोक आत वळवलंय की बोटाला लागेल असं सोडलंय, हे तिची नजरच सांगते. ‘एका हाताचं काम नाही हे,’ म्हणाली. ‘हा बघ, घट्ट हात. इथे कुणीतरी नवीन बसलंय.’ अनात्सुईंकडे डझनावारी मदतनीस हे तुकडे जोडतात. मी तिला ते सांगितलं नव्हतं!

बोलता बोलता तिचं बोट पुढे गेलं. तिथला राखणदार आला, माझ्या पोटात गोळा. पण त्यानं नुसता तळवा दाखवला, हसला, आणि खुणेनं तिला भिंतीच्या मागे घेऊन गेला. मागची बाजू रुपेरी, वर रंगीबेरंगी तुकडे. आपल्याकडे शिट्टी वाजली असती. अर्थात आपला वॉचमन बारा-बारा तास उभा असतो, त्याच्याकडून हसण्याची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर एकजण म्हणाला, ‘तुमच्या धारावीतही कचऱ्यातून असंच करतात ना, गोड वाटतं.’ गोड? तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक रंगाप्रमाणे, जातीप्रमाणे वेगळं होतं, दळलं जातं, त्याचे दाणे होऊन पुन्हा कारखान्यात जातात. तो धंदा आहे, पोटाचा. मी त्याला पंधरा मिनिटं ऐकवलं. मी स्वतः तिथून नाकाला रुमाल लावून जायचो, हे नाही सांगितलं. कॉलेज, लोकल, परीक्षा. थांबून बघायला वेळ कुठे होता तेव्हा?

मावशी इतका वेळ गप्प होती. तिच्या मांडीवर आजही माळांचं ताट आहे, हातात पक्कड. आई थांबली तशी तिनं विचारलं, ‘तार किती गेजची होती गं?’

‘बारीक. नख लावून बघणार होते, पण तो आला ना.’