तोंड मोठं केलं, तरी गाडी तापायचीच

फॉर्म्युला स्टुडंट या, विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बनवायच्या स्पर्धेसाठीच्या आमच्या गाडीचं कूलिंग माझ्या वाट्याला आलं, कारण ते कोणालाच नको होतं. सस्पेन्शन आणि विंगवर सगळ्यांच्या उड्या. मोटरसायकलचा रेडिएटर आणायचा आणि साइडपॉडमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूच्या पोकळ खोक्यात, बसवायचा, त्यात काय एवढं, असं सगळे म्हणायचे. मीसुद्धा.

गणितही सोपं वाटलं. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, सुमारे २२ किलोमीटरची, सरासरी वेग ताशी ५० च्या आसपास. इंजिन सरासरी २० किलोवॅट उष्णता पाण्यात सोडेल असं धरलं. तेवढी उष्णता हवेनं ३५ अंशांनी तापून बाहेर न्यायची तर सेकंदाला जवळजवळ अर्धा घनमीटर हवा लागते. त्या वेगाला हवा आत घ्यायला १९ सेंटीमीटर बाजूचं चौकोनी तोंड पुरतं. कागदावर.

पहिल्याच चाचणीत सहाव्या फेरीला पाणी ११२ अंशांवर गेलं. रेडिएटरची कॅप १.१ बारची, म्हणजे पाणी दाबाखाली, असल्यामुळे उकळायला १२० च्या पुढे जावं लागलं असतं, पण तोवर थांबायची हिंमत कोणाची? कूलंट म्हणून फक्त साधं पाणी भरायचं, ग्लायकॉल (पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणारं रसायन) नाही, असा स्पर्धेचा नियम. त्यामुळे तीही पळवाट बंद.

मग आम्ही सगळ्यांना सुचेल तेच केलं. साइडपॉडचं तोंड कापून मोठं केलं आणि मोठा पंखा लावला. फरक पडला दोन अंशांचा. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

शेवटी तोंडाच्या कडेला आणि आतल्या भिंतींवर लोकरीचे तुकडे टेपनं चिकटवले, कॅमेरा लावला आणि सरळ रस्त्यावर गाडी पळवली. चित्रण पाहताना मी दोनदा मागे नेऊन खात्री केली: वरच्या कडेचे धागे पुढच्या दिशेला फडफडत होते. म्हणजे हवा आत जाऊन तोंडातूनच परत येत होती. आम्ही दार मोठं केलं होतं, पण मागचं दार जवळजवळ बंदच होतं. साइडपॉडचा शेवट मागच्या चाकाच्या अगदी समोर होता. उघड्या चाकांच्या गाडीत टायरच्या पुढ्यात हवा तुंबते, दाब वाढतो. त्या दाबात गरम हवा ढकलायची आमची अपेक्षा होती! शिवाय कोअर (रेडिएटरचा जाळीदार गाभा) आणि डक्टच्या (हवेच्या बोगद्याच्या) मध्ये बोटभर फट. वाट मिळेल तिथून हवा जाणार. कोअरच्या पातळ पत्र्यांमधून, फिन्समधून, कष्टानं कशाला जाईल?

फटी फोमनं बुजवल्या. त्या एका संध्याकाळच्या कामानं सहा अंश उतरले, जे मोठ्या पंख्यानं जमलं नव्हतं. मग निकासाचं तोंड चाकापासून आत आणि वर वळवलं, त्याच्या पुढच्या काठावर छोटी उभी पट्टी लावली, म्हणजे मागे दाब कमी होऊन हवा ओढली जाईल. पुढचं तोंड तर उलट एक तृतीयांशानं लहान केलं आणि आतला डक्ट हळूहळू रुंद करत नेला. हवा मंदावते, दाब वाढतो, कोअर भरून वापरला जातो. एकदम रुंद केला तर ती भिंत सोडते आणि कोपरे रिकामे राहतात, हे दुसऱ्या साच्यावर शिकले.

फॉर्म्युला वनकडे तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते. १९७० च्या लोटस ७२ या गाडीनं रेडिएटर नाकातून बाजूंना नेले, ते मला आधी फक्त दिसायला छान वाटायचं. मेक्सिको सिटीत, सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या विरळ हवेत, बॉडीवर उघडलेल्या खाचा मी आता मोजते. ग्रिडवर साइडपॉडला लावलेले ब्लोअर (हवा फुंकणारे पंखे) का, तेही कळतं: त्या गाड्यांत पंखाच नसतो.

सुधारलेली गाडी चाचणीत पूर्ण अंतर धावली. ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद, पाणी थांबलेलं, हेडची उष्णता त्यातच मुरलेली, त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर आकडा १०७ दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन फेऱ्यांत तो ९४ वर उतरला. विंगवाला मित्र लगेच जवळ आला. म्हणाला, "मग तोंड अजून दहा मिलिमीटर कमी करू का?"