विषाणूंना खायला काय घालता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत आहे हे कळलं की हमखास प्रश्न येतो, "विषाणू वाढवता, म्हणजे त्यांना खायला काय घालता?" परवा शेजारच्या काकूंनी त्यात भर घातली, "विरजण लावल्यासारखंच ना ते?"

काकू, विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि आपले आपण वाढतात. विषाणूला ते जमत नाही. प्रथिनं बनवायची, ऊर्जा तयार करायची यंत्रणाच त्याच्याकडे नाही. जिवंत पेशीत शिरून तिच्याकडूनच तो आपल्या प्रती काढून घेतो. दूध द्या, साखरपाणी द्या, पेशी नसेल तर एकाचे दोन व्हायचे नाहीत. तेव्हा विषाणूंना मी काहीच घालत नाही. खायला घालते ते पेशींना, आणि माझा बराचसा दिवस त्यांना जगवण्यातच जातो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरात असतात व्हेरो पेशी. १९६२ साली जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या वाढवल्या गेल्या. प्लास्टिकच्या चपट्या फ्लास्कच्या तळाला चिकटून, ३७ अंशांना त्या वाढतात. वर असतं गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं खाणं: क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि वासराच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम. पेशी दाटल्या की मीडियम आंबट होतं आणि रंग केशरी, मग पिवळा पडतो. सकाळी इनक्युबेटर उघडला की माझी नजर आधी रंगावर जाते. पिवळं दिसलं की पेशी ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने तळापासून सोडवायच्या आणि नव्या फ्लास्कमध्ये वाटून द्यायच्या. मग तो रविवार असो की दिवाळीचा पाडवा.

एकदा इनक्युबेटरमध्ये बुरशी शिरली. कित्येक आठवडे जपलेले सगळे फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून, टाकून द्यावे लागले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पेशी चांगल्या असल्या तरच पुढचं काम. चिकुनगुनियाचा विषाणू त्यांच्यावर घातला की दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली चित्र पालटलेलं असतं. एकमेकींना खेटून बसलेल्या लांबट पेशी गोल होतात, चमकायला लागतात, तळापासून सुटून तरंगतात, आणि मध्ये मध्ये मोकळे चट्टे पडतात. याला आम्ही सीपीई (सायटोपॅथिक इफेक्ट) म्हणतो. खुद्द विषाणू साध्या मायक्रोस्कोपला दिसतच नाही, त्याने केलेलं दिसतं.

"पण वाढवायचा कशाला?" हे २०२०मध्ये फार जणांनी विचारलं, काहींनी रागानेही. पीसीआरला विषाणूच्या जनुकांचा अंश सापडतो. तो जिवंत आहे का, हे पेशीच सांगतात. औषधाने तो थांबतो का, लशीनंतर रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं त्याला अडवतात का, हे बघायलाही जिवंत विषाणूच हाताशी लागतो. कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत) वेगळा केला गेला, हैदराबादला व्हेरो पेशींत वाढवला आणि मग निष्क्रिय करून लशीत घातला. कुत्रा चावल्यावर दंडात घेतो त्या रेबीजच्या लशींपैकी काही याच पेशींत तयार होतात.

एक गोष्ट मात्र मी कुणी न विचारताही सांगते. डेंग्यू, चिकुनगुनियासाठी डासाच्या पेशीही वापरतात, आणि त्या मूळच्या पुण्याच्या. एनआयव्हीचं नाव विषाणू संशोधन केंद्र होतं तेव्हा, १९६७मध्ये, के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून त्या वाढवल्या. पुढे १९७८मध्ये संशोधक इगाराशी यांनी त्यांतून सी६/३६ हा वाण निवडला आणि तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. या पेशींना २८ अंश पुरतात. ट्रिप्सिनही लागत नाही, फ्लास्कवर हलके टिचक्या मारल्या की सुटतात. अळ्या कधीच गेल्या; त्यांच्या पेशी तेव्हापासून एका फ्लास्कमधून दुसऱ्यात जात आजही वाढताहेत. आमच्याकडच्या उद्या सकाळी वाटायच्या आहेत.