बी-१७ सुरू होण्याआधीचा अर्धा तास

एअर शोला गेलात तर उड्डाणाआधीची तयारी चुकवू नका. माझ्या मते खरी गंमत तिथेच असते. बी-१७ या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बर विमानाला ९ सिलिंडरांची, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची ४ राइट सायक्लोन रेडियल (म्हणजे सिलिंडर गोलाकार मांडलेली) इंजिनं. विमान उभं असताना ऑइल पिस्टन रिंगांमधून झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. द्रव दाबला जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. तो कधीकधी तेव्हा तुटतही नाही, पुढे हवेत तुटतो.

म्हणून मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारं यंत्र) बंद करून क्रू प्रोपेलर हाताने फिरवतो, साधारण ९ पाती मोजून. पातं अडलं की जोर लावायचा नाही. उलटं तर मुळीच फिरवायचं नाही: ऑइल इनटेक पाइपात ढकललं जातं आणि सुरू होताना परत आत ओढलं जातं. खालचे स्पार्क प्लग काढून ते निथळू द्यायचं, हाच उपाय. काम कंटाळवाणं, हात काळे करणारं.

सुरू होताना पांढरा-निळा धूर निघतो, तो उरलेल्या ऑइलचा. घाबरायचं कारण नाही. कॉकपिटमध्ये मात्र नजर ऑइल प्रेशरवर असते. ३० सेकंदांत काटा हलला नाही, तर इंजिन बंद.