गॅस बंद असताना प्योर्क्योल्त

बुडापेस्टच्या सातव्या जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींना एक दुखणं आहे. गॅसची वाहिनी कुठे गळाली की अख्ख्या इमारतीचा पुरवठा तोडतात आणि दुरुस्ती, तपासणी, पुन्हा तपासणी यात आठवडेच्या आठवडे जातात. मी ज्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथे हे एका शनिवारी दुपारी घडलं. रविवारी दुपारच्या जेवणाला चाळीस माणसांसाठी बीफचं प्योर्क्योल्त, म्हणजे इथला मांसाचा दाट रस्सा, ठरलेलं होतं. हाताशी उरली एकच इंडक्शन शेगडी. आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंनी ओळखीपाळखीतून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारी विजेची भांडी, गोळा करून आणले: साडेसहा लिटरचे चार आणि एक लहान.

मी सावंतवाडीची. आमच्या घरी बीफ शिजत नाही. गोव्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिकताना ते हाताळायला लागले आणि जे रांधायचं त्याची चव घ्यायची, हे तेव्हाच मनाशी पक्कं केलं. चव न घेता वाढणं मला खाणाऱ्याचा अपमान वाटतो.

बाहेरच्या देशांत हंगेरियन गुलाश म्हणून जो दाट रस्सा वाढतात, तो बहुतेक वेळा प्योर्क्योल्तच असतो. हंगेरीत गुयाश म्हणजे बटाटे घातलेलं पातळ सूप. प्योर्क्योल्तमध्ये पाणी जवळजवळ घालतच नाहीत. कांदा आणि मांस स्वतःचं पाणी सोडतात, ते आटतं, चरबी सुटते, तळाशी मांस परतलं जातं, मग पुन्हा घोटभर पाणी आणि पुन्हा आटवणं. मटणाचं वाटण तेल सुटेपर्यंत परतणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही. बाईंचा आक्षेप म्हणूनच रास्त होता. त्या म्हणाल्या, “झाकणाखाली मांस उकडतं. त्याला प्योर्क्योल्त नाही म्हणायचं.” स्लो कुकरचं झाकण वाफेचा थेंबन् थेंब परत खाली सोडतं, आटायला वावच नसतो. तेव्हा सुरुवात आणि शेवट शेगडीवर करायचा आणि मधली रात्र कुकरवर सोपवायची, असं मी त्यांना सुचवलं. त्या लगेच कांदे सोलायला बसल्या.

आठ किलो मांस, चार किलो कांदा. निम्म्याहून कमी कांदा घालून रस्सा दाट होत नाही, पीठ लावून दाट करणं तर इथे कोणी खपवून घेत नाही. एकच शेगडी, त्यामुळे एकेका कुकरपुरता घाणा. डुकराच्या चरबीत कांदा सोनेरी होईपर्यंत घाई न करता परतायचा, मग कढई आचेवरून उतरवायची आणि त्यानंतरच पाप्रिका, म्हणजे इथली लाल मिरचीची पूड, घालायची. पाप्रिकात साखर असते. तापलेल्या चरबीत ती काही क्षणांत जळते आणि सगळं कडू होतं. पण चरबी हवीच, कारण तिचा लाल रंग चरबीतच उतरतो. आमच्याकडे सेगेदची गोड पाप्रिका होती, किलोमागे दोन मोठे चमचे. मग मांस, मीठ, लसूण, कुटलेलं शहाजिरं, थोडा टोमॅटो आणि फिकट पिवळी ढोबळी मिरची. पाणी अजिबात नाही.

मांस पोटरीचं घेतलं होतं, हे आमचं नशीब. त्यातले चिवट पडदे मंद आचेवर तासन् तास राहिले की विरघळून रस्सा चिकट, गुळगुळीत करतात. बिनचरबीचं मऊ मांस एवढ्या वेळात कोरडं, दोऱ्यादोऱ्याचं होतं. लहान कुकरात चरबी हंसाची घातली, कारण आमच्याकडचे काही जण डुकराचं खात नाहीत. रात्री साडेनऊनंतर सगळे कुकर मंद आचेवर लावले आणि सकाळपर्यंत एकाचंही झाकण उचललं नाही.

सकाळी मांस चमच्यानं तुटत होतं आणि रस अपेक्षेप्रमाणे भरपूर होता. तो गाळून पसरट भांड्यात एकामागून एक आटवला. बाई शेजारीच उभ्या होत्या. कडेला लाल चरबी सुटायला लागली तेव्हा त्यांनी पावाचा तुकडा बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, “घाल मांस.” शेगडी यातच अडकल्यामुळे सोबतची नोकेदली, म्हणजे पिठाचे छोटे उकडलेले गोळे, उकडता आली नाही. पाव आणि आंबवलेल्या काकड्या दिल्या. नोकेदलीवरून दोन आजोबा माझ्यावर रागावले, आणि ते बरोबरच होते.

हंसाच्या चरबीतलं खाणाऱ्या एक नेनी जेवण झाल्यावर कुकर बघायला आत आल्या. इथे वयस्कर बायकांना सगळे नेनीच म्हणतात. कुकर बघून त्यांना जराही नवल वाटलं नाही. त्यांच्या लहानपणी शुक्रवारी दुपारी शोलेतचं, म्हणजे ज्यू घरांतल्या रात्रभर शिजणाऱ्या बीन्सच्या जेवणाचं, भांडं बेकरीच्या भट्टीत पोचवायचे आणि शनिवारी दुपारी घरी आणायचे. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून ही सोय. मी त्यांना सांगितलं की हा कुकरही तिथूनच आलाय. अमेरिकेतल्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि त्यांना ते सुचलं होतं घरातल्या बायकांनी सांगितलेल्या लिथुआनियातल्या अशाच शनिवारच्या भांड्यावरून. १९७१ मध्ये तो ‘क्रॉक-पॉट’ या नावानं बाजारात आला. नेनी माझा हात धरून तिथल्या स्टुलावर बसल्या आणि शोलेतची कृती सांगायला लागल्या: पांढरे बीन्स, बार्ली, हंसाची तंगडी, पाप्रिका, आणि वर सालासकट अंडी.

पुढच्याच शुक्रवारी केलं. बीन्स आधी रात्रभर भिजवून दहा मिनिटं खळखळून उकळून घेतले, कारण कच्च्या बीन्समधलं अपायकारक द्रव्य कुकरच्या मंद आचेवर नीट नष्ट होत नाही, आणि म्हाताऱ्या पोटांशी खेळ नको. चव बघून नेनींनी चरबी कमी पडली म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेला वाढवली.

गॅस यायला बराच काळ गेला. तो आल्यावर उसने कुकर परत केले आणि आश्रमानं दोन मोठे विकत घेतले. त्यांत शोलेत होतं. प्योर्क्योल्त बाईंनी पुन्हा शेगडीवर घेतलं, आणि माझंही मत तेच आहे.