तुम्ही विचारलंत म्हणून: नातीच्या मॅचला मी गप्प का असते

"आजी, नात तुमची खेळतेय आणि तुम्ही मूग गिळून बसलाय?" रविवारी इथे बडोद्यात मैदानावर हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. कुणाला वाटतं, हिला रग्बी कळत नसणार. कुणाला वाटतं, मुलींनी एकमेकींना असं लोळवावं हे हिला पसंत नाही. एका गृहस्थांनी तर नातीला बाजूला घेऊन विचारलं, आजींना ऐकू कमी येतं का? ऐकू उत्तम येतं. रग्बीही कळते, निदान आता कळते. आणि आवडते तर इतकी, की शनिवारी रात्री मला झोप लागत नाही. तरी मी दोरीच्या अलीकडे घडीच्या खुर्चीवर बसते, मांडीवर पाण्याची बाटली ठेवते आणि तोंड बंद ठेवते. त्याला कारण आहे, आणि ते काही फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलींची सेव्हन्सची मॅच होती. दोन्हीकडे सात-सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. चहा प्यायचा म्हटला तरी अर्धी मॅच संपते. शेवटचं मिनिट चालू होतं, आमच्या मुली दोन गुणांनी पुढे. समोरच्या संघाची एक मुलगी कडेनं सुसाट निघाली, नातीनं तिला धरलं, पण पडता पडता तिनं चेंडू मैत्रिणीला दिला आणि मैत्रिणीनं ट्राय टाकला, म्हणजे आमच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला. पाच गुण. मॅच गेली.

रग्बीत हातानं चेंडू पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा, एवढा एक नियम मला पक्का पाठ होता. आणि मी डोळ्यांनी पाहिलं होतं, चेंडू पुढे गेला! त्या मुलीच्या हातातून सुटला तेव्हा जिथे होता, त्याच्या दोन पावलं पुढे तो झेलला गेला. मी उठले आणि रेफ्रीला ओरडले, "डोळे गहाण ठेवून आलीस का गं?" तिला मराठी समजलं नसेल असं वाटून लगेच गुजरातीत, "आंधळी छे के?" शिवी समजलीच नाही तर उपयोग काय! मग आणखी एक-दोन वाक्यं बोलले, ती इथे लिहीत नाही. माझ्या आईनं ती ऐकली असती तर मला जेवायला वाढलं नसतं.

मी एकटी ओरडले असते तर ते हवेत विरलं असतं. पण पांढऱ्या केसांची, नऊवारी नाही तरी नीटनेटकी साडी नेसलेली बाई बोलतेय म्हटल्यावर दोरीवरच्या सगळ्यांना जणू परवानगी मिळाली. बाप लोकांनी सूर धरला, "रेफ्री आंधळी, रेफ्री आंधळी." धाकटी भावंडं टाळ्या वाजवायला लागली. मैदानातल्या आमच्याच मुली खाली मान घालून उभ्या होत्या. आणि ती रेफ्री वीस-एकवीसची असेल, शर्ट तिला मोठा होत होता. तिनं घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवून मॅच संपवली आणि कडेच्या पिंपातलं पाणी प्यायला गेली. ग्लास तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तेवढंच दिसलं मला.

रात्री मुलाला फोन लावला. तो बर्मिंगहॅमजवळ असतो, रग्बीचा नाद त्याचाच. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल. त्यानं शांतपणे विचारलं, "आई, पास देणारी पळत होती का?"

"सुसाट."

"मग चेंडू पुढेच जाणार ना. स्कूटरवरून पिशवी मागे फेकली तर रस्त्यावरच्या माणसाला ती कुठे जाताना दिसते?"

मग त्यानं हिशोब करून दाखवला. मुलगी सेकंदाला 7 मीटर वेगानं पळतेय. तिनं स्वतःच्या मानानं चेंडू 3 मीटर वेगानं मागे टाकला. तरी जमिनीच्या मानानं तो 4 मीटर वेगानं पुढेच सरकतो. पळणारीला टॅकल करून मधेच थांबवलं, की ती मागे राहते आणि चेंडू तिच्या पुढे निघून गेलेला दिसतो. म्हणून रेफ्री चेंडू कुठे पडला ते पाहत नाही. सुटताना हात कुठे वळले होते ते पाहते. त्या पोरीनं नेमकं तेच पाहिलं असणार. ती बरोबर होती आणि मी चूक. त्यातही पास देणारीला थांबवलं होतं माझ्याच नातीनं, म्हणजे चेंडू पुढे गेल्यासारखा दिसला तो आमच्याच टॅकलमुळे!

"आणि समज, तिचं चुकलंच असतं तर?" मुलगा म्हणाला. मग त्यानं वेन बार्न्सची हकिगत सांगितली. 2007 च्या वर्ल्डकपमध्ये कार्डिफला न्यूझीलंड-फ्रान्स उपांत्यपूर्व सामना होता. रेफ्री बार्न्स, वय 28. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायच्या आधी खरोखरच पुढे गेलेला पास त्याच्या नजरेतून सुटला आणि फ्रान्स 20-18 नं जिंकलं. न्यूझीलंडमध्ये तो पुढे कित्येक वर्षं खलनायक होता, त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तरी त्यानं शिट्टी सोडली नाही. 2023 ची फायनलही त्याच्याच वाट्याला आली, आणि तिथेही समोर न्यूझीलंड. त्यांच्या कर्णधाराला, सॅम केनला, लाल कार्ड मिळालं. पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमधलं ते पहिलंच. दक्षिण आफ्रिका 12-11 नं जिंकली. पुन्हा धमक्या, या वेळी बायकामुलांपर्यंत. काही दिवसांतच 111 आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर बार्न्स निवृत्त झाला. त्या फायनलला व्हिडिओ पाहून सल्ला देणारा टॉम फोली आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाजूला झाला, कारण तेच.

पोटात गोळा आला माझ्या. मी काही कुणाला मारायची धमकी दिली नव्हती, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण जात तीच.

आता तुम्ही म्हणाल, रग्बीचे प्रेक्षक तर सभ्य असतात असं ऐकलंय. मीही ऐकलंय. दोन्ही संघांचे लोक शेजारी शेजारी बसतात, फुटबॉलसारखे वेगवेगळे कोंडावे लागत नाहीत. आयर्लंडमध्ये लिमरिकच्या थॉमंड पार्कवर कुणी किक मारायला उभा राहिला की सगळं मैदान चिडीचूप होतं, मग किकर पाहुण्या संघाचा का असेना. मैदानातही रेफ्रीशी बोलायचं ते कर्णधारानं, तेही "सर" म्हणून. हे सगळं खरं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण याच खेळात 2002 साली डरबनला एक प्रेक्षक थेट मैदानात घुसला आणि त्यानं रेफ्री डेव्हिड मॅकह्यूला असं पाडलं की त्याचा खांदा निखळला. 2014 मध्ये ट्विकनमला नायजेल ओवन्स रेफ्री होता. तो समलिंगी असल्यावरून काहींनी जे ओरडलं, ते ऐकून एका प्रेक्षकानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे दोघांवर दोन वर्षांची बंदी आणि हजार-हजार पौंड दंड बसला. 82 हजारांच्या मैदानात पत्र लिहिणारा एक. इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल याला 2023 च्या वर्ल्डकपमध्ये हुर्यो मिळाली, आणि त्यानंतर मनाच्या स्वास्थ्यासाठी त्यानं देशाकडून खेळणं थांबवलं. सभ्यतेची ख्याती मोठी असली की घाण उचलायला कुणी झटकन वाकत नाही, असं मला वाटतं.

दारूमुळे होतं, असंही म्हणतात. इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्यानं फुटबॉलच्या मैदानात खेळ दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही; रग्बीला तो कायदा लागू नाही, तिथे हातात बिअरचा ग्लास घेऊन मॅच पाहतात. असेल, दारू भर घालत असेल. पण आपल्या गुजरातेत दारूबंदी आहे हो! मी ओरडले तेव्हा माझ्या पोटात सकाळची शेव-उसळ आणि दोन कप चहा होता.

आणि ओरडणं मुळात वाईट असं माझं म्हणणं नाही. माझे भाऊ हुतूतू खेळायचे. हुतूतूचं तर हे गावच. 1923 साली इथल्याच हिंद विजय जिमखान्यानं त्याचे नियम बांधले आणि स्पर्धा भरवली. लहानपणी आम्ही रेषेला खेटून बसायचो आणि पंचाला काय काय बोलायचो! "काका, घरी भांडण झालंय का?" असं विचारलं की पंच हसून म्हणायचे, "तुझ्या बापाला सांगतो थांब." आणि खरंच सांगायचे. संध्याकाळी घरी पाठीत धपाटा. तो पंच आमचा कुणीतरी होता आणि उद्या दूध आणताना पुन्हा भेटणार होता. त्या रेफ्री पोरीचं मला नावही ठाऊक नव्हतं.

शिवाय एक गोष्ट मला माझ्याबद्दल कळली. माझं ओरडणं माझ्या कळण्याच्या अर्धा सेकंद आधी बाहेर पडतं. पास दिसतो, घसा उघडतो, आणि मग डोकं विचारतं, हात कुठे वळले होते? नातीची मॅच असली तर तो अर्धा सेकंदही उरत नाही. टाळ्या वाजवून पाहिल्या, पण टाळ्यांच्या मागोमाग तोंड सुटतं. म्हणून गप्प.

ती रेफ्री पुढचे तीन रविवार आली नाही. मी मनात ठरवूनच टाकलं की माझ्यामुळे. कोचला विचारायचंही धाडस होईना. आधीच बिचारे शिट्टीसाठी माणूस मिळत नाही म्हणून रडत असतात. चौथ्या रविवारी ती दिसली, बुटांच्या नाड्या बांधत होती. मी लिंबू सरबताची बाटली घेऊन गेले. घरून वाक्यं जुळवून आणली होती, एकही आठवेना. म्हटलं, बेटा, त्या दिवशी मी तुला फार बोलले.

तिनं वर पाहिलं. "कई मॅच, आंटी?"

परीक्षा होती म्हणून ती आली नव्हती. माझं ओरडणं तिच्या लक्षातही नव्हतं. इतक्या जणांचं ऐकलं होतं तिनं, त्यातलं माझं कोणतं हे तिला निवडता येईना. मी मॅच सांगितली, समोरचा संघ सांगितला, शेवटचं मिनिट सांगितलं. मग तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, माझी नव्हे, पासची.

"ए पास आगळ नहोतो, आंटी." तो पास पुढे नव्हता, म्हणे.

"खबर छे मने," मी म्हटलं.

तिनं सरबत घेतलं, अर्धं प्यायली, बाटली माझ्याकडे धरायला दिली आणि नाणेफेकीला गेली.