काना गळला की

मे महिन्यातली नागपूरची दुपार. कूलरला नुकतंच पाणी भरलेलं, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास घरभर, आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपवरच्या एका अनोळखी पोराचा पायथन या संगणकी भाषेतला घोळ निस्तरत बसले होते. पठ्ठ्या लिस्टवर फिरता फिरता त्याच लिस्टमधून आयटम काढून राहिला होता. मग काढलेल्याच्या शेजारचा सुटणारच! लिस्टची कॉपी करून तिच्यावर लूप फिरव, असं दोन ओळींत इंग्रजीत सांगितलं. उत्तर आलं, ‘थँक्स भाऊ! वाचवलंस.’

‘भाऊ’चं एरवी मला काही वाटत नाही. आमच्याकडे ऑटोवाला भाऊ, भाजीवाला भाऊ, पोह्यांवर जास्तीची तर्री मागायची तोही भाऊच. कॉलेजात आम्ही मैत्रिणी एकमेकींना ‘काय करून राहिली बे?’ म्हणायचो. पण इथला भाऊ निराळा. कोड चालला, म्हणजे सांगणारा बाप्याच असणार!

इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत क्रियापद चुगली करतं. पुढच्या प्रश्नाला मी ‘बघते’ लिहिलं. ‘बघतो’तला फक्त काना गळला, तर ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं. ‘सॉरी मॅम!’ आणि लगेच, ‘मॅम, तुम्ही टेस्टिंगला आहात का?’ म्हणजे कोड लिहिणारी नव्हे, दुसऱ्यांचा तपासणारी!

मग माझंही डोकं तापलं (ऊनही होतंच म्हणा). लिहून टाकलं: १९४६ साली फिलाडेल्फियात एनियाक हा सुरुवातीचा संगणक जगाला दाखवला, तेव्हा त्याचे प्रोग्रॅम सहा बायकांनी बसवले होते. यंत्र बांधणं हे पुरुषांचं काम. तारा जोडून, स्विच लावून त्याच्याकडून गणित करवून घेणं कारकुनी, म्हणून ते बायकांकडे. त्या रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रणही त्यांना नव्हतं. त्या कारकुनीला पुढे पगार आणि मान आला, आणि ती भाऊंची झाली. एवढ्या निबंधावर एक अंगठा आला.

ही फुशारकी आठवडाभर टिकली. ग्रुपवर एक जण आहे, माझ्या कोडमधल्या चुका बरोब्बर पकडणारा. ‘उद्या बघतो’, ‘जेवून येतो’, असं मोजकं लिहिणारा. तीन महिने मी त्याला भाऊ म्हणत होते. एक बग काही केल्या सापडेना, म्हणून कॉल लावला. पलीकडून बाईचा आवाज.

‘हां, आलो. स्क्रीन दाखव की.’

मी गप्प.

‘अगं, कोल्हापूरची मी. आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.’

मी माफी मागायला लागले, तर ती हसली. ‘मला वाटलं, तुमच्या नागपुरात सगळ्यांनाच भाऊ म्हणत असतील.’