तुम्ही विचारलंत म्हणून: करारात कामगारांचं कलम कशाला?

"मुक्त व्यापार करारात कामगार हक्क कशाला घुसडता? आपला स्वस्त माल अडवायचा श्रीमंत देशांचा डाव आहे तो." संघटनेच्या कामात हे इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचं वाक्य मीच पुरं करते. एकेकाळी ते माझंच होतं ना! १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेने हा विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे टोलवला, तेव्हा मी खूश झाले होते.

पुढे मत फिरलं आणि मी ग्वाटेमालाचं उदाहरण देत हिंडू लागले. अमेरिका आणि मध्य अमेरिकेतले देश यांच्या व्यापार करारात, प्रत्येक देशाने आपले कामगार कायदे पाळायला लावावेत, असं कलम आहे. ग्वाटेमालाचं सरकार तसं करत नाही, अशी तक्रार तिथल्या आणि अमेरिकेतल्या कामगार संघटनांनी २००८ मध्ये केली होती, आणि पुढे अमेरिकेच्या सरकारने ती लवादापुढे नेली. "बघा, कलमाला दात आहेत," मी प्रत्येक बैठकीत सांगायचे.

जून २०१७ मध्ये लवादाचा निकाल आला. मी आधी शेवटची पानं उघडली, मग मुकाट्याने पहिल्यापासून वाचत गेले. संघटना बांधू पाहणाऱ्यांना कामावरून काढलं होतं. कोर्टाने त्यांना परत घ्यायला सांगितलं, मालकांनी घेतलं नाही, सरकारने घ्यायला लावलं नाही. हे सगळं लवादाला मान्य! आठ ठिकाणचे ७४ कामगार. पण कलमाला एवढं पुरत नव्हतं. हयगय वारंवार झालेली हवी आणि तिचा दोन्ही देशांमधल्या व्यापारावर परिणाम झालेला हवा. तसा परिणाम एकाच ठिकाणी सिद्ध झाला, आणि एकदा म्हणजे वारंवार नव्हे. अमेरिका हरली. म्हणजे कोर्टाचा हुकूम केराच्या टोपलीत टाका, व्यापाराला धक्का लागला नाही म्हणजे झालं. सूड घेतला जाईल म्हणून साक्षीदारांची नावं झाकलेली होती. इतकी वर्षं ज्यांच्या नावाने बोलले, त्यातलं एकही नाव मला ठाऊक नाही.

"सांगत नव्हते?" १९९६ मधली मी म्हणाली असती. बाई, तुझ्या सिंगापूरने तरी त्यांना कामावर कुठे घेतलं?

२०२० च्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात व्यापारावर परिणाम झाला असं गृहीतच धरतात. झाला नसेल तर ते आरोप असलेल्या देशाने सिद्ध करायचं. मेक्सिकोतल्या सिलाओच्या मोटार कारखान्यात कामगारांनी २०२२ मध्ये मतदानाने स्वतंत्र संघटना निवडली, तीही याच करारातल्या तातडीच्या तक्रार यंत्रणेच्या जोरावर. हे सांगताना मला बरं वाटतं, कबूल. पण ती यंत्रणा मेक्सिकोतल्या कारखान्यांवर जशी चालते, तशी अमेरिकेतल्यांवर चालत नाही. तिथे तुमचा 'डाव' मला खोडता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये भारताने एफ्टा देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन) केलेल्या व्यापार करारात कामगारांचा उल्लेख आहे. मात्र त्यावरून वाद लवादापुढे नेता येत नाही. ते वाचून संघटनेतल्या एकाने विचारलं, "मग ताई, हे घातलं कशाला?"

मी नुसतं पान उलटलं.